चौंडकं वर्गात आणा

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा आनंद बेळगावातही झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. इथल्या गाण्याच्या क्लासात गवसणी घालून कोपऱ्यात उभा असलेला तंबोरा बहुधा मिरजेचाच असतो आणि जवारी, म्हणजे घोडीवरची तारेची बैठक, बिघडली की तो पुन्हा मिरजेचाच रस्ता धरतो. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा भोपळा, तुणीचं लाकूड आणि सतारमेकर गल्लीतले पिढीजात हात यांतून ते वाद्य घडतं. घडवणारी शिकलगार मंडळी मूळची हत्यारांना धार लावणारी. तलवारीचे दिवस सरले तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी हातातलं कसब तारांकडे वळवलं. या सगळ्याची नोंद आता सरकारदरबारी झाली. छान झालं.

पण मिरजेहून निघून, बेळगाव मागं टाकून सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीच्या डोंगरापर्यंत गेलं, तर या वाटेवर गोरगरिबांच्या उंबऱ्यांवर पिढ्यान् पिढ्या वाजत आलेलं तंतुवाद्य वेगळंच आहे. ते चौंडकं. मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन जोगवा मागायला येणाऱ्या, यल्लम्माला सोडलेल्या जोगतिणीच्या काखेत ते असतं, माघी पुनवेला डोंगर चढणाऱ्या मेळ्यांत ते असतं. आपल्याकडं तंतुवाद्य म्हटलं की सतार, सरोद, सारंगी, फार तर वीणा आठवते. चौंडकं कुणाच्या तोंडी येत नाही. त्याला वाद्यांच्या यादीत न धरता भिक्षेच्या साहित्यात धरायची आपल्याला सवय लागली आहे.

खरं तर वाद्य म्हणून ते विलक्षण आहे. एक पोकळ लाकडी नळकांडं, त्याच्या एका तोंडाला मढवलेलं कातडं आणि कातड्याच्या मधोमध ओवून घेतलेली तात, म्हणजे आतड्याची दोरी. नळकांडं काखेत दाबायचं, एका हातानं तात ताणून धरायची आणि दुसऱ्या हातानं छेडायची. पडदे नाहीत, की एकदा पिळून ठेवला म्हणजे जागचा हलणार नाही असा षड्ज नाही. ताण वाढवला की सूर वर चढतो, सैल सोडला की खाली घरंगळतो. काख आणि मनगट यांच्यातल्या त्या ओढाताणीतच सगळी कला आहे. आणि एवढं करून ते तालही धरतं. पावसाळ्यात कातडं ढिलं पडतं तेव्हा आधी ते उबेला धरावं लागतं, मगच आवाज सुटतो. बंगालमधली आनंदलहरी आणि तेलंगणातली जमिडिका ही याच कुळातली. जमिडिका वाजवणारे बैंडला लोक तिकडं कथा सांगतात तीही यल्लम्माचीच. म्हणजे देवी आणि तिचं हे वाद्य तीन-तीन भाषांच्या मुलखात बरोबरीनं फिरतं आहे.

माझं म्हणणं असं आहे की चौंडकं शाळेत आणि संगीताच्या वर्गात शिकवलं गेलं पाहिजे, ते शिकवायला पगारावर जोगते-जोगतिणीच नेमल्या पाहिजेत, आणि देवाला सोडण्याच्या प्रथेशी असलेलं त्याचं नातं त्या वर्गाच्या दाराबाहेरच राहिलं पाहिजे. यातलं एखादं गाळून बाकीचं करायला गेलं तर काय होतं, याचे दाखले जगात आणि आपल्या शेजारीपाजारीच भरपूर आहेत.

आधी आक्षेप. हे वाचून सीमाभागातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडतील, आणि त्या रास्त आहेत. चौंडक्याच्या मागं मुलींच्या गळ्यात लाल-पांढरे मोती बांधून त्यांना देवाला सोडण्याची प्रथा उभी आहे. केसांत जट झाली म्हणून, घरात मुलगा नाही म्हणून, दुखणं हटत नाही म्हणून पोरी सोडल्या गेल्या, आणि सोडल्या गेल्या त्या बहुतेक दलितांच्या घरातल्या. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९२० मध्येच या प्रथेविरुद्ध कायद्याचं पाऊल उचललं होतं. मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा आला. त्या वेळी बेळगाव मुंबई इलाख्यातच होतं, त्यामुळे तो इथंही लागू होता. कर्नाटकाचा कायदा १९८२ चा, महाराष्ट्राचा त्यानंतर वीसेक वर्षांनी, २००५ चा. कायद्यांच्या तारखा वाचून प्रथा संपत नाही हे गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यात ज्यांनी घरोघरी हिंडून काम केलं त्यांना पक्कं माहीत आहे. जटा सोडवल्या, बायकांना संघटित केलं, त्यांच्या मुलांना शाळेत बापाच्या नावाची सक्ती नको म्हणून भांडले. त्यांच्यापैकी कुणी ‘चौंडकं गेलं तर जाऊ दे, पोरी वाचू देत’ म्हणालं, तर त्याला कलेची किंमत कळत नाही असं म्हणायची माझी छाती नाही.

तरीही त्या म्हणण्यात एक गफलत आहे. चौंडकं गेल्यानं प्रथा जात नाही. प्रथेची मुळं गरिबीत आहेत, जातीत आहेत, बाईच्या नावावर जमीन नसण्यात आहेत. वाद्य मुकं झालं तरी ती मुळं तशीच राहतात. आणि वाद्य काही एकाच देवाला बांधलेलं नसतं. हे आपल्या मराठी मुलखाला वेगळं सांगायला नको. तमाशातली ढोलकी आणि तुणतुणं आंबेडकरी जलशात आली तेव्हा गण-गवळणीची जागा नव्या विचारानं घेतली. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी गावकुसाबाहेरच्याच वाद्यांवर गावकुसाविरुद्ध गाणी गायली. तुणतुण्याला तमाशाचा वास येतो म्हणून त्यांनी ते फेकून दिलं असतं तर चळवळीचा आवाज तेवढ्यानं बारीक झाला असता.

बेळगावच्या शहापुरातल्या एका बोळात एका म्हाताऱ्या जोगतिणीशी बोलणं झालं होतं. तिच्या चौंडक्याला तातेऐवजी पोलादी तार लावलेली होती, कारण तात आता कोण करून देत नाही म्हणाली. तार बोट कापते म्हणून तिनं छेडायच्या बोटाला चिंधी गुंडाळली होती. गाण्याचं एक कडवं मराठी, पुढचं कन्नड, मधला ‘उदो उदो’ दोन्हीकडचा. तिची लेक गावातच एका दुकानात कामाला आहे. मी विचारलं, ‘मावशी, पोरीला शिकवलासा काय हे?’ ती म्हणाली, ‘कशाला शिकवू ओ? चौंडकं हातात दिसलं की हिला बी सोडल्या काय म्हणून इचारत्यात. ती आपली दुकानात जात्या, जाऊ दे तिथंच.’

लोककला का मरतात यावर आपण बोलायला लागलो की मोबाईल, टीव्ही, डीजे यांना धारेवर धरतो. या मावशीच्या घरात मोबाईल होताच, पण तिच्या लेकीला चौंडक्यापासून तोडलं ते मोबाईलनं नव्हे. ते वाद्य हातात धरलं की अंगावर एक शिक्का बसतो, आणि शहाणी आई लेकीवर तो शिक्का बसू देत नाही. अशा वेळी ‘कला जपा’ म्हणून तिला सांगायचा अधिकार आपल्याला नाही. शिक्का आपण मारलेला आहे, पुसायचा आपण आहे. आणि शिक्का पुसायचा तर वाद्याची जागा बदलावी लागते. उंबऱ्यावरचं वाद्य वर्गात आलं, ते वाजवणारी भिक्षेकरीण शिक्षिका झाली, तर तिच्या लेकीला ते हातात घ्यायला लाज वाटणार नाही. दुसरा रस्ता मला तरी दिसत नाही.

बदनामी वाद्यालाही चिकटते हे सारंगीनं पुरेपूर भोगलं आहे. माणसाच्या गळ्याच्या इतकं जवळ जाणारं दुसरं वाद्य आपल्याकडं नाही, पण ती तवायफांच्या कोठ्यावर वाजायची. कोठे बंद पडले, सभ्य घरांत गाणं शिकणं सुरू झालं आणि साथीला सारंगीच्या जागी पेटी आली. सारंगीला स्वतंत्र मैफलीचा मान मिळवून देण्यात पंडित रामनारायण यांची हयात गेली. तोवर सारंगियांच्या कित्येक घरांतली मुलं दुसऱ्या धंद्यात निघून गेली होती.

आता आपल्या घराजवळचं पाहा. गोव्याच्या कलावंत समाजातून केसरबाई केरकर आल्या, मोगूबाई कुर्डीकर आल्या. धारवाडच्या गंगूबाई हनगल यांना लहानपणी शेजारपाजारच्या लोकांनी ‘गाणेवाली’ म्हणून हिणवलं होतं, पुढं तेच धारवाड-हुबळी त्यांच्या नावानं ओळखलं जायला लागलं. म्हणजे कलेला चिकटलेला डाग धुतला जातो, हे या मुलखाला नवीन नाही. मग चौंडक्याच्या बाबतीत ते का झालं नाही? केसरबाईंच्या मागं रागदारी होती, संस्थानिक होते, घराण्याचं नाव होतं, ऐकणारा पांढरपेशा कान होता. जोगतिणीच्या मागं यातलं काहीच नव्हतं. कलावंतिणीचं गाणं दिवाणखान्यातून मैफलीत आलं, जोगतिणीचं गाणं उंबऱ्यावरच अडलं, कारण उंबऱ्याच्या आत तिला यायची मुभाच नव्हती. हा भेद कलेतल्या उच्च-नीचतेचा म्हणून सांगितला जातो, तो निव्वळ जातीचा आहे.

जगातल्या तंतुवाद्यांत चौंडक्याशी सगळ्यात जास्त नातं सांगणारी गोष्ट मला व्हिएतनामची वाटते. तिथं दान बाउ नावाचं एकतारी वाद्य आहे. एकच तार, आणि एका टोकाला लवचीक दांडी. दांडी वाकवली की तारेचा ताण बदलतो आणि सूर वर-खाली होतो. तत्त्व चौंडक्याचंच. हे वाद्य गावोगाव हिंडून, बाजारात बसून गाणाऱ्या अंध गायकांच्या हातात असायचं. म्हणजे तेही मागतकऱ्यांचंच. फ्रेंच गेल्यावर हनोईत १९५६ साली संगीत विद्यालय उभं राहिलं. पाश्चात्त्य वाद्यांबरोबर तिथं देशी वाद्यांचं शिक्षण सुरू झालं, त्यात दान बाउ होतं. आज व्हिएतनामची ओळख सांगायची तर हेच वाद्य पुढं करतात. एक तार बिचारी काय वाजवणार, असं तिथं कुणी म्हणत नाही, कारण विद्यार्थी त्या एका तारेवर वर्षानुवर्षं घाम गाळताना दिसतात. बाजारातल्या अंध गायकांच्या वाट्याला मात्र या उत्कर्षातलं फारसं काही आलं नाही, आणि माझी खरी धास्ती हीच आहे.

वाद्य वाचतं आणि वाजवणारा बाहेर राहतो, असं जगात पुन्हा पुन्हा झालं आहे. बँजो घ्या. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं चढवून, आपल्या गावाकडच्या वाद्यांच्या आठवणीवर कॅरिबियन बेटांत आणि अमेरिकेत ते घडवलं. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून, गुलामांची टवाळी करणाऱ्या खेळांत ते वाजवायला सुरुवात केली. ती विटंबना इतकी झोंबली की काळ्या माणसांनी हळूहळू बँजोकडं पाठ फिरवली, आणि पुढच्या शंभर वर्षांत ते गोऱ्या डोंगराळ लोकांचं वाद्य म्हणून जगाला ठाऊक झालं. रिअनन गिडन्स यांच्यासारख्या काळ्या वादकांनी अलीकडच्या काळात ते पुन्हा आपल्या हातात घेतलं आहे. मध्ये गेलेल्या पिढ्या परत येत नाहीत.

आणि अमेरिका कशाला, मद्रास जवळ आहे. देवळातल्या देवदासींचं सदिर नृत्य विसाव्या शतकाच्या तिशीत नव्या नावानं सभागृहात आलं. १९३६ साली हे नृत्य शिकवणाऱ्या कलाक्षेत्र या संस्थेची स्थापना झाली, १९४७ मध्ये मद्रास प्रांतात देवदासी प्रथेविरुद्धचा कायदा आला. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी योग्यच म्हणाव्या लागतील. पण त्या दोन्हींच्या मध्ये काय झालं? ब्राह्मण घरांतल्या मुली भरतनाट्यम शिकल्या, आणि जिच्या आज्या-पणज्यांनी ते सांभाळलं ती नाचली तर मात्र पोटापाण्याचा संशय. बालसरस्वतींसारखी एखादी तेजस्वी बाई टिकून राहिली, बाकीच्यांना आपलं घराणं लपवावं लागलं. चौंडक्याचं असं होऊ नये. उद्या बेळगावच्या एखाद्या सभागृहात सुती साड्या नेसलेल्या आठ सुशिक्षित मुली चौंडकी घेऊन ‘लोकजागर’ करतील, टाळ्या पडतील, आणि शहापुरातली ती मावशी बाहेर चपलांच्या ढिगाजवळ उभी असेल. हे व्हायचं असेल तर चौंडकं मेलेलं बरं.

वाद्याची ‘सुधारणा’ करणाऱ्यांचाही मला धाक वाटतो. मंगोलियातल्या मोरिन खूर या, घोड्याचं मुंडकं कोरलेल्या दोन तारी वाद्याचं तोंड पूर्वी कातड्यानं मढवलेलं असायचं. विसाव्या शतकात, सोव्हिएत वळणाच्या वाद्यवृंदांच्या काळात त्याला लाकडी फळी बसली. आवाज मोठ्या सभागृहात पोचायला लागला हे खरं, पण तंबूत ऐकू येणारी ती खरखर गेली. चौंडक्याला कुणी पिकअप आणि अँप लावायला निघालं तर आधी दोन वर्षं ते उघड्यावर ऐकावं, मग हात लावावा.

आता शिक्षकाकडं वळतो, कारण सगळं तिथं येऊन ठेपतं. बेळगावला हे पेटीच्या उदाहरणावरून पटावं. आकाशवाणीनं १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. परदेशी वाद्य, आपल्या श्रुती त्यात बसत नाहीत, मींड निघत नाही, असे आक्षेप होते आणि ते अगदीच खोटे नव्हते. एवढ्या मोठ्या माध्यमानं तीस वर्षं दार बंद ठेवूनही पेटी मेली का? उलट ती वाढली, कारण गावोगाव ती शिकवणारे गुरुजी होते. बेळगावात पंडित रामभाऊ विजापुरे यांनी आयुष्यभर शिष्य घडवले आणि आज पेटीच्या दुनियेत बेळगावचं नाव आदरानं घेतलं जातं. सरकारी मान्यता नसताना जे वाद्य वाढलं त्याला गुरू होता, विद्यार्थी होते आणि शिकण्यात मान होता. चौंडक्यावर कुणी बंदी घातली नाही. शिकवण्याचं काम म्हणून त्याच्याकडं कधी पाहिलंच गेलं नाही, एवढंच.

एक गोष्ट मला नेहमी खटकते. कुमार गंधर्व सुळेभावीचे, बेळगावपासून हाकेच्या अंतरावरचे. दुखण्यानं त्यांना देवासला नेलं, तिथं अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी, नाथपंथी भजनं ऐकली, आणि त्यातून मराठी-हिंदी संगीताला केवढं तरी मिळालं. त्यांच्या जन्मगावाच्या आसपास जोगतिणी काय गात होत्या, ते तितक्या कानानं कुणी ऐकलं? रागसंगीताचा एवढा मोठा पट्टा हा, धारवाडपासून मिरजेपर्यंत. पण इथल्या गवयांनी आपल्याच मातीतलं चौंडकं कानाआड टाकलं, असं मला म्हणावंसं वाटतं. मल्लिकार्जुन मन्सूर बसवण्णा आदी शरणांची कन्नड वचनं गायचे, ते वचन साहित्याच्या प्रतिष्ठेमुळे शक्य झालं. यल्लम्माच्या पदांना तेवढी प्रतिष्ठा नव्हती.

आता सीमेचा प्रश्न येतोच. बेळगावात बसून संस्कृतीवर लिहायचं आणि सीमाप्रश्न टाळायचा, हे जमण्यासारखं नाही. १९५६ पासून इथं १ नोव्हेंबरला एकीकडं काळा दिन पाळला जातो आणि दुसरीकडं राज्योत्सव साजरा होतो. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. दरम्यान मराठी शाळा, पाट्या, परिपत्रकं यांवर रोजची झुंज चालू आहे. मराठी माणूस म्हणून त्या झुंजीत मी कुठल्या बाजूला आहे ते लपवायचं कारण नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूरसारख्या गावांनी साहित्य संमेलनं भरवून भाषा जागती ठेवली, याचं मोलही मी जाणतो. पण या सगळ्या धामधुमीत एक सवय जडली. जे भाषेच्या खात्यात बसतं ते आपलं, जे बसत नाही ते कुणाचंच नाही. चौंडक्याचं गाणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड. आमच्या मंचाला त्यातलं कन्नड बोचतं, त्यांच्या मंचाला मराठी बोचतं. मग दोन्हीकडचे संयोजक सोयीचं म्हणून दुसराच कलाप्रकार बोलावतात.

आणि हे सांगितल्याशिवाय राहवत नाही की या बाबतीत कर्नाटक आमच्या पुढं आहे. मंजम्मा जोगती या तृतीयपंथी जोगती कलावंत कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका जोगतीला सरकारी अकादमीच्या खुर्चीवर बसवण्याचं धाडस महाराष्ट्रानं दाखवल्याचं मला आठवत नाही. आमच्यातल्या काहींना हे वाक्य रुचणार नाही. पण फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव आपण रोज घेतो, तेव्हा एवढं तरी कबूल करावं.

बाकी दोन्ही राज्यांचा कलावंतांसाठीचा मुख्य आधार म्हणजे म्हातारपणीचं मानधन. ते त्या-त्या राज्याच्या रहिवाशालाच मिळतं. ही योजना वाईट आहे असं नाही. औषधपाणी त्यातून होतं. पण मानधन कलावंताबरोबर संपतं, त्यातून दुसरा कलावंत तयार होत नाही. शिवाय देवीच्या मेळ्यांना सीमा नसते. कोल्हापूर-सांगलीकडचे मेळे सौंदत्तीला येतात, बेळगावचे जोगती जत-मिरजेकडं जातात. त्यांनी कुठल्या तहसीलदाराचा दाखला आणायचा?

तंतुवाद्यं झेंड्यासारखी नाचवली की काय होतं ते बाल्कन देशांत दिसतं. गुस्ले हे तिथलं एकतारी वाद्य, त्याच्या साथीवर वीरगाथा गातात. आपल्या तुणतुण्यावरच्या पोवाड्याचं ते लांबचं भावंडच. सर्ब, मॉन्टेनेग्रोचे लोक, क्रोएट, बोस्नियातले मुसलमान सगळेच ते वाजवतात. १९९० नंतरच्या यादवीत तेच गुस्ले एकमेकांविरुद्धच्या युद्धगीतांना वापरलं गेलं. २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत त्याची नोंद झाली ती एकट्या सर्बियाच्या नावावर. याच्या उलटही घडलेलं आहे. कमांचा या गजानं वाजवायच्या वाद्याची नोंद इराण आणि अझरबैजान यांनी २०१७ मध्ये मिळून केली, आणि त्या दोन शेजाऱ्यांचं सख्य काही वाखाणण्यासारखं नाही. २०२४ मध्ये रबाबासाठी अफगाणिस्तान, इराण, ताजिकिस्तान आणि उझबेकिस्तान ही चार नावं एका कागदावर आली. एवढं त्यांना जमतं तर मुंबई आणि बेंगळुरूला एका चौंडक्यासाठी एकत्र अर्ज करायला काय हरकत आहे? न्यायालयातला दावा न्यायालयात चालू राहील. त्याला चौंडक्यानं बाधा येणार नाही.

पैसा नाही, ही सबब या वेळी चालणार नाही. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराच्या विकासासाठी केंद्राच्या पर्यटन योजनेतून २०२४ मध्ये सुमारे १०० कोटींचा प्रकल्प मंजूर झाला. त्यातून रस्ते, भक्तांसाठी निवारे, स्वच्छतागृहं होतील, आणि ती व्हायलाच हवीत. डोंगरावर जत्रेच्या दिवसांत पाण्यासाठी किती हाल होतात ते ज्यांनी पाहिलंय ते याला नाही म्हणणार नाहीत. पण त्या आराखड्यात चार खोल्यांची एक चौंडकं-शाळा बसवायला किती लागेल? ती देवस्थानाच्या अखत्यारीत नको, म्हणजे मोत्यांशी, सोडण्याशी तिचा संबंध राहणार नाही. शिकायला येणाऱ्या मुलीच्या गळ्यात काही बांधलं जाणार नाही, ही अट पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहावी, दोन्ही भाषांत.

बेळगाव शहरात दोन शाळांपासून सुरुवात करता येईल, एक मराठी माध्यमाची, एक कन्नड माध्यमाची. आठवड्याला दोन तास. बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ यांनी मिळून पदांचं ध्वनिमुद्रण करावं, धारवाड आणि सांगली आकाशवाणीकडं लोकसंगीताची जी काही जुनी मुद्रणं असतील ती उघडी करावीत. तात कशी वळायची हे ज्यांना अजून येतं त्यांच्याकडून ते शिकून घ्यावं, म्हणजे बोटाला चिंधी गुंडाळायची पाळी कुणावर येणार नाही. मिरजेच्या कारागिरांना यात ओढता आलं तर फारच उत्तम, वाद्य घडवणारा एक जाणता हात चौंडक्यालाही लाभेल.

मुलांना काय शिकवायचं, यावर वाद होईल. पदं रेणुकेची, म्हणजे यल्लम्माचीच आहेत, आणि त्या कथेत बापाच्या आज्ञेवरून मुलगा आईचं शीर उडवतो. काही पालक म्हणतील, हे धार्मिक झालं. काही म्हणतील, हे बाईच्या अपमानाचं झालं. मला वाटतं पदं तशीच शिकवावीत आणि वर्गात त्यावर मुलांना बोलू द्यावं. कथेत रेणुकेचा गुन्हा काय होता, असं एखाद्या सातवीतल्या मुलीनं विचारलं तर तास वाया गेला असं कुणी समजू नये. त्याच चौंडक्यावर मुलांनी आपली गाणी रचावीत, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांवर, विडी वळणाऱ्या आजीवर, शहापुरातल्या मागावर. दोन भाषांत रचली तर शिक्षकांनी खोडरबर हातात घेऊ नये.

राहिली नेमणूक. तिथंच खरी गोची होणार. सरकारी पद निघालं की शैक्षणिक अर्हतेची ओळ आपोआप येते: संगीतातली पदवी, विशारद, अनुभवाचा दाखला. ती ओळ आली की वर सांगितलेली मद्रासची गोष्ट बेळगावात सुरू झाली म्हणून समजा. निवड समितीत किमान दोन वयस्क जोगती असाव्यात आणि परीक्षा हातात चौंडकं देऊन घ्यावी. पगार शाळेतल्या संगीतशिक्षकाइतका असावा, त्यात ‘मानधन’ हा शब्द नसावा. पदवीची अट काढायला सरकार तयार नसेल तर जाहिरात काढूच नये.